बेचाळीस वर्षांची प्रतीक्षा

रंगभूमीवर पडलेलें नाटक सहसा पुन्हां उठत नाहीं. पुस्तक खपलें नाहीं तरी तें ग्रंथालयाच्या फळीवर शिल्लक राहतें. चित्र विकलें गेलें नाहीं तरी भिंतीला टेकून उभें असतें. परंतु नाटकाचें जीवित प्रयोगांत आहे. शेवटचा पडदा पडला, देखावे मोडले, नटमंडळी पांगली, कीं नाटक संपलें. असें असतां, अवघ्या १६ प्रयोगांत संपलेल्या एका अमेरिकन संगीत नाटकाची वाट कांहीं रसिकांनीं ४२ वर्षें पाहिली, आणि ज्या ब्रॉडवेवर तें पडलें होतें त्याच ब्रॉडवेवर २०२३ सालीं तें पुन्हां उभें राहिलें.

ब्रॉडवे हा मूळचा न्यू यॉर्क शहरांतील एक लांबलचक रस्ता. परंतु नाट्यव्यवसायांत त्या नांवानें पांचशें किंवा अधिक आसनांचीं ४१ नाट्यगृहें ओळखलीं जातात. तेथील पद्धति मराठी संगीत नाटक मंडळ्यांहून निराळी आहे. जुन्या मराठी मंडळ्या अनेक नाटकें एकदम पदरीं बाळगून गांवोगांव हिंडत. आज रंगलें नाहीं तें नाटक पुढच्या मुक्कामीं रंगेल अशी आशा त्यांस असे. ब्रॉडवेवर एका नाट्यगृहांत एकच नाटक, आठवड्यास आठ प्रयोगांच्या हिशेबानें, तिकिटें खपतील तोंवर चालतें. खप थांबला कीं तें उतरतें. उतरलेलें नाटक पुन्हां आणावयाचें तर नवा निर्माता, नवें भांडवल, नवा नटसंच, सर्व कांहीं नव्यानें जमवावें लागतें. यासच तेथें पुनरुज्जीवन म्हणतात, आणि तें बहुधा एकदां गाजलेल्या नाटकांच्याच वांट्यास येतें.

ज्या नाटकाची ही हकीकत, त्याचें नांव ‘मेरिली वी रोल अलाँग’. जॉर्ज एस. कॉफमन आणि मॉस हार्ट यांच्या याच नांवाच्या १९३४ सालच्या नाटकावरून जॉर्ज फर्थ यांनीं त्याची संहिता लिहिली. पदें आणि संगीत स्टीफन साँडहाइम यांचें, दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स यांचें. साँडहाइम व प्रिन्स ही जोडी त्या वेळीं कीर्तीच्या शिखरावर होती. १९७० च्या ‘कंपनी’पासून १९७९ च्या ‘स्वीनी टॉड’पर्यंत पांच संगीत नाटकें त्यांनीं मिळून रंगभूमीवर आणलीं होतीं. सहाव्याचा विषय होता मैत्री. फ्रँक हा संगीतकार, चार्ली हा पदें व नाटकें लिहिणारा, आणि मेरी ही लेखिका. तिघें मिळून जग जिंकावयास निघतात. मात्र कथा उलट्या क्रमानें सांगितली आहे. प्रारंभीं प्रेक्षकांस दिसतो तो धनाढ्य, यशस्वी आणि एकाकी फ्रँक. चार्लीशीं त्याचें बोलणें तुटलेलें, मेरी मद्याच्या आहारीं गेलेली. पुढला प्रत्येक प्रवेश काळानें मागें मागें सरकत जातो. अखेरच्या प्रवेशांत १९५७ सालीं, एका इमारतीच्या गच्चीवर, रशियानें नुकताच सोडलेला स्पुटनिक उपग्रह पाहण्यासाठीं हीं तरुण मंडळी आकाशाकडे डोळे लावून उभीं असतात. पुढें काय होणार हें त्यांपैकीं कोणासच ठाऊक नसतें. प्रेक्षकांस मात्र सर्व ठाऊक असतें.

चाळिशींत पोंचलेलीं हीं पात्रें विशीच्या आसपासच्या नवख्या मुलांकडून वठवावयाचीं, असें प्रिन्स यांनीं ठरविलें. कल्पना धाडसी होती. परंतु कोणतें पात्र कोण, हेंच प्रेक्षकांस उमगेना. उद्घाटनापूर्वींचे प्रयोग चालू असतांनाच मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला, मूळचे पोशाख काढून पात्रांचीं नांवें छापलेले सदरे नटांच्या अंगावर चढविण्यांत आले. प्रेक्षक नाटक चालू असतांनाच उठून जाऊं लागले. १६ नोव्हेंबर १९८१ रोजीं अल्विन थिएटरांत उद्घाटनाचा प्रयोग झाला आणि २८ नोव्हेंबरला शेवटचा. साँडहाइम आणि प्रिन्स यांची जोडीहि तेथेंच थांबली. दोघांनीं मिळून पुढलें नवें नाटक करावयास २००३ साल उजाडावें लागलें.

तथापि मंडळी पांगण्यापूर्वीं एक गोष्ट घडली. शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशीं तीं मुलें ध्वनिमुद्रणासाठीं एकत्र जमलीं आणि नाटकांतील पदें तबकडीवर उतरलीं. नाटक वांचलें तें या तबकडीमुळें. प्रयोग पाहिलेल्यांची संख्या थोडी, परंतु तबकडी दूरदूर गेली. प्रयोगांतील गोंधळ तींत नव्हता. होतीं तीं नुसतीं पदें आणि नुकत्याच पोळलेल्या तरुण गळ्यांची धग. ब्रॉडवे कधींहि न पाहिलेला एखादा विद्यार्थी ती ऐके आणि असें संगीत असलेलें नाटक पडलेंच कसें, या कोड्यांत पडे. अशा श्रोत्यांचा हळूहळू एक पंथच तयार झाला. शाळा, महाविद्यालयें आणि लहान नाट्यसंस्था प्रयोगाचे हक्क घेऊन हें नाटक करूं लागल्या, आणि मुख्य रंगभूमीनें टाकलेलें हें नाटक कडेच्या रंगभूमीवर जगूं लागलें.

कर्त्यांनींहि तें टाकलें नव्हतें. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील ला होया येथें, १९९२ सालीं इंग्लंडांतील लेस्टर येथें, १९९४ सालीं न्यू यॉर्कच्या यॉर्क थिएटरकडून, असे त्याचे प्रयोग होत गेले व साँडहाइम आणि फर्थ त्याची डागडुजी करीत राहिले. शाळेच्या पदवीदान समारंभाची मूळची चौकट गेली, आरंभीच्या मेजवानीचें पद बदललें, नवीं पदें आलीं. लेस्टरच्या प्रयोगांत मेरीची भूमिका मारिया फ्रीडमन यांनीं केली होती. वीस वर्षांनीं, २०१२ सालीं, लंडनच्या ‘मेनिए चॉकलेट फॅक्टरी’ या लहानशा नाट्यगृहांत त्यांनींच तें दिग्दर्शित केलें, आणि २०१४ सालीं त्यास पुनरुज्जीवित संगीत नाटकाचें ऑलिव्हिए पारितोषिक मिळालें. २०२२ च्या अखेरीस फ्रीडमन यांनीं तें ‘न्यू यॉर्क थिएटर वर्कशॉप’ या १९९ आसनांच्या नाट्यगृहांत आणलें. जोनाथन ग्रॉफ हे फ्रँक, डॅनियल रॅडक्लिफ हे चार्ली आणि लिंडसे मेंडेझ या मेरी झाल्या.

तेथून तें ब्रॉडवेवरील हडसन थिएटरांत जाणार हें निश्चित झालें, तेव्हां त्या पंथांतील मंडळींस आनंद झाला यांत नवल नाहीं. नवल आहे तें त्या आनंदांत मिसळलेल्या धास्तीचें. दोनशें माणसांसमोर जें हितगुजासारखें वाटलें, तें हजारांच्या आसपास आसनें असलेल्या नाट्यगृहांत टिकेल काय? चित्रपटांमुळें जगप्रसिद्ध झालेल्या रॅडक्लिफ यांना पाहावयास लोटणाऱ्या गर्दींत जुन्या भक्तांस परवडेल अशा दरांत जागा मिळेल काय? ज्यांचीं कित्येक वर्षें मूळच्या तबकडीच्या सोबतींत गेलीं, त्यांस तींतील गळलेल्या पदांची चुटपुट होती. येणारें नाटक त्यांनीं मनांत वसविलेल्या नाटकाहून थोडें निराळेंच असणार होतें.

याहून खोल अशी आणखी एक शंका होती. १९८१ चें अपयश तरुण नटांच्या, सदऱ्यांच्या, घाईच्या माथीं मारतां येत होतें. या खेपेस संहिता घोटलेली, दिग्दर्शिका अनुभवी आणि नट नामांकित होते. आतां नाटक पडलें असतें तर दोष त्याचाच ठरता, आणि ४२ वर्षें जपलेला विश्वास म्हणजे निव्वळ तरुणपणची माया ठरती. निकाल ऐकावयास त्याचे कर्ते उरले नव्हते. फर्थ २००८ सालीं, प्रिन्स २०१९ सालीं आणि साँडहाइम २६ नोव्हेंबर २०२१ रोजीं निवर्तले. मूळच्या मंडळींपैकीं वाद्यमेळाची रचना करणारे जोनाथन ट्यूनिक मात्र होते, आणि नव्या प्रयोगाची वाद्यरचनाहि त्यांचीच होती.

१९ सप्टेंबर २०२३ रोजीं हडसन थिएटरांत प्रयोगांस आरंभ झाला व १० ऑक्टोबरला रीतसर उद्घाटन झालें. ठरलेली मुदत वाढवून नाटक ७ जुलै २०२४ पर्यंत चाललें. त्या वर्षीं जून महिन्यांत त्यास चार टोनी पारितोषिकें मिळालीं: पुनरुज्जीवित संगीत नाटकाचें एक, ग्रॉफ व रॅडक्लिफ यांच्या अभिनयाचीं दोन, आणि चौथें ट्यूनिक यांच्या वाद्यरचनेचें.

पारितोषिकांपेक्षांहि या प्रतीक्षेंत घडलेली एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १९८१ सालीं त्या मुलांकडून न भोगलेल्या वयाचा अभिनय मागितला गेला, आणि तबकडी ऐकणारे तरुणहि त्यांच्याचसारखे अजाण होते. गच्चीवरचें तें अखेरचें पद त्यांस निव्वळ आशेचें वाटे, कारण त्यांचें स्वतःचें आयुष्य तेव्हां गच्चीवरच उभें होतें. जो रसिक त्या वेळीं वीस वर्षांचा होता तो २०२३ सालीं साठी ओलांडून गेला होता. मधल्या काळांत त्याचेहि कांहीं मित्र दुरावले असतील, कांहीं बेत अर्धेच राहिले असतील, कांहीं पत्रांना उत्तरें गेलीं नसतील. असा रसिक हडसन थिएटरांत बसला तेव्हां नाटक उलट्या क्रमानें कां सांगितलें आहे, हें त्यास कोणीं समजावून देण्याची गरज उरली नव्हती. त्याच्या शेजारच्या आसनावर कदाचित् वीस वर्षांची एखादी मुलगी बसली असेल आणि तेंच पद तिला आशेचें वाटलें असेल. दोघांनींहि तें बरोबरच ऐकलें.