डीजेची विद्या आणि घरचा खर्च

शहरांतील पुष्कळ घरांतून हल्लीं एक नवी मागणी ऐकूं येऊं लागली आहे. महाविद्यालयांत जाणारा मुलगा एके दिवशीं वडिलांपुढें येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बाबा, मला डीजेचें काम शिकायचें आहे; त्यासाठीं थोडें सामान घ्यायचें आहे." हें ऐकतांच वडिलांच्या डोळ्यांपुढें मिरवणुकींतील गाडीवर रचलेली कर्ण्यांची भिंत उभी राहते, कारण महाराष्ट्रांत ‘डीजे’ या शब्दाचा अर्थ आज तोच होऊन बसला आहे. खिडक्यांच्या कांचा थरथरविणारा तो आवाज आठवून वडील साफ नकार देतात. ज्या घरीं मुलाचा शब्द चालतो तेथें याच्या उलट घडतें. दुकानांतील सर्वांत मोठें आणि लखलखीत यंत्र हप्त्यांनीं घरीं येतें, चार महिन्यांनीं त्यावर धूळ बसते, आणि हप्ते मात्र चालूच राहतात. पहिल्या घरीं मुलाची आवड जाते, दुसऱ्या घरीं वडिलांचा पैसा जातो. या दोन्ही हानि टाळतां येण्याजोग्या आहेत. परंतु त्यासाठीं ही विद्या मुळांत आहे तरी काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

‘डीजे’ हें ‘डिस्क जॉकी’ या शब्दांचें संक्षिप्त रूप. ध्वनिमुद्रिका वाजविणारा मनुष्य, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्याचें कौशल्य मोठ्या आवाजांत नसून जोडकामांत आहे. एक गाणें संपत आलें असतां दुसरें गाणें अशा बेतानें सुरू करावयाचें कीं, नाचणाऱ्याचें पाऊल अडखळूं नये. तबलजीच्या भाषेंत बोलावयाचें तर, पहिल्याची लय न मोडतां दुसऱ्याची सम बरोबर पहिल्याच्या समेवर आणून ठेवावयाची. हें साधावयाचें तर दुसरें गाणें श्रोत्यांना ऐकूं जाण्यापूर्वीं वाजविणाऱ्यास एकट्याला ऐकूं आलें पाहिजे. साऱ्या विद्येची किल्ली याच एका गोष्टींत आहे.

या विद्येच्या इतिहासांत याची साक्ष मिळते. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं झालेला एक समारंभ हिप-हॉप संगीताचा आरंभ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें जमैकांत जन्मलेला कूल हर्क हा तरुण तबकड्या वाजवीत होता. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, नाचणाऱ्यांना प्रिय असलेला तालवाद्यांचा तुकडा लांबविण्याची युक्ति त्यानें रूढ केली. त्याच भागांतील जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश याला हें जोडकाम अधिक नेटकें करावयाचें होतें. दुसरी तबकडी आधीं गुपचुप ऐकण्याची सोय मोठ्या नृत्यगृहांतील महागड्या मिक्सरांत असे. या गरीब मुलाजवळ तसला मिक्सर नव्हता. परंतु तो औद्योगिक शाळेंत विजेच्या उपकरणांचें काम शिकला होता. त्यानें आपल्या साध्या मिक्सरला एक छोटा खटका जोडला व हेडफोनमध्यें हवी ती तबकडी ऐकण्याची सोय स्वतःच करून घेतली. पैसा नसतां त्या मुलानें ज्या एका वस्तूसाठीं एवढी खटपट केली, तीच वस्तु नवशिक्यानेंही प्रथम मिळवावी. बाकीचें सारें नंतरचें.

लय जुळविणें म्हणजे काय, तें साध्या गणितानें समजतें. एका गाण्यांत मिनिटास १२० ठोके पडतात व दुसऱ्यांत १२४ पडतात असें धरावें. दोन्ही एकदम सुरू केलीं तर अर्ध्या मिनिटांत पहिल्याचे ६० ठोके होतात व दुसऱ्याचे ६२. म्हणजे दुसरें गाणें दोन ठोके पुढें धांवतें. म्हणून दुसऱ्याची गति शेंकडा सुमारें ३.२ नें कमी करावी लागते. त्यासाठीं यंत्रावर एक सरकपट्टी असते. या कामांत वर्षानुवर्षें प्रमाण मानल्या गेलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या यंत्राचा जन्म १९७२ चा. त्याची १९७९ ची सुधारलेली आवृत्ति गति शेंकडा ८ पर्यंत कमीजास्त करूं देत असे. चूक अगदीं थोडी राहिली, म्हणजे एक गाणें १२० चें व दुसरें १२१ चें असलें, तरी अर्ध्या मिनिटांत अर्ध्या ठोक्याचें अंतर पडतें. मग एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मध्यें पडूं लागतो व उधळलेल्या घोड्यांच्या टापांसारखा आवाज होतो. हा बिघाड सुरू होतांच ओळखून बोटाच्या हलक्या स्पर्शानें सुधारणें, हाच या विद्येचा पहिला धडा होय.

आतां सामानाकडे वळूं. लॅपटॉप बहुतेक घरीं असतोच. सॉफ्टवेअरसाठीं प्रारंभीं एक पैसाही खर्च करण्याचें कारण नाहीं. ‘मिक्स’ नांवाचें एक सॉफ्टवेअर सर्वांस विनामूल्य खुलें आहे. रोमन लिपींत तें नांव शेवटीं तीन ‘एक्स’ घालून लिहितात. तें विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतें, अनेक कंपन्यांचीं यंत्रें ओळखतें, आणि केलेलें काम ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोयही त्यांत आहे. कंट्रोलर घरांत येण्यापूर्वीं लॅपटॉपच्या कळफलकावरूनही तें चालवितां येतें.

अडचण येते ती आवाजाच्या वाटेची. सामान्य लॅपटॉपमधून आवाज बाहेर पडण्याची वाट एकच असते. येथें तर दोन हव्यात, एक कर्ण्यांकडे जाणारी आणि एक हेडफोनकडे जाणारी. म्हणून यूएसबीला जोडावयाचें एक छोटें साउंड कार्ड घेतलें कीं दुसरी वाट मिळते, आणि ग्रँडमास्टर फ्लॅशचा तो खटका थोडक्या खर्चांत घरीं येतो. ही झाली सर्वांत स्वस्त पायरी. यापुढची पायरी म्हणजे दोन गोल चकत्यांचा लहान कंट्रोलर. त्यावर गतीच्या सरकपट्ट्या असतात, उंच-नीच स्वर कमीजास्त करण्याच्या गुंड्या असतात आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी असते. हातांना खरें वळण लागतें तें याच्यामुळें.

मात्र कंट्रोलर घेतांना एक प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा: "यांत साउंड कार्ड आहे काय?" नुसत्या बाह्य रूपावरून हें कळत नाहीं. पायोनियर डीजे या जपानी कंपनीनें २०१८ सालीं डीडीजे-४०० हें यंत्र अमेरिकेंत २४९ डॉलरांस विक्रीस आणलें, व २०१९ सालीं डीडीजे-२०० हें १४९ डॉलरांस आणलें. दोन्हींचें तोंडवळण बरेंचसें एकसारखें. परंतु पहिल्यांत साउंड कार्ड आहे व हेडफोन त्यालाच जोडतां येतो. दुसऱ्यांत तें नाहीं. त्याच्याबरोबर एक दुभागी तार मिळते, आणि ती वापरली म्हणजे एका बाजूस श्रोत्यांचा आवाज व दुसऱ्या बाजूस वाजविणाऱ्याचा आवाज अशी वांटणी करावी लागते. वरच्या शंभर डॉलरांत मुख्यतः काय मिळत होतें, हें यावरून ध्यानांत येईल. ज्यास हें ठाऊक नाहीं तो स्वस्त यंत्र घरीं आणून मागाहून निराश होतो. ज्यास ठाऊक आहे तो वेगळें साउंड कार्ड जोडून त्याच यंत्रावर काम भागवितो. हर्क्युलिसचें इंपल्स ३०० आणि नुमार्कचें अगदीं चिमुकलें डीजेटूगोटू टच यांतही साउंड कार्ड अंगभूत आहे. वापरलेलें यंत्र मिळत असेल तर घेण्यास हरकत नाहीं. मात्र प्रत्येक पट्टी सरकवून खरखर होते काय तें ऐकावें, यूएसबीचें तोंड सैल नाहीं ना तें पाहावें, आणि आपल्या लॅपटॉपवर व आपल्या सॉफ्टवेअरबरोबर तें प्रत्यक्ष चालवून दाखवावयास सांगावें.

काय घेऊं नये, हेंही सांगितलें पाहिजे. चार गाण्यांचे कंट्रोलर, रंगीत दिव्यांच्या माळा, मोटारीनें फिरणाऱ्या चकत्या आणि मोठे कर्णे यांची नवशिक्यास मुळींच गरज नाहीं. दिवाणखान्यांतील जुनी संगीतयंत्रणा तारेनें जोडली तरी पुरे. ज्यावर दोन पैसे अधिक घालावे अशी वस्तु एकच, ती म्हणजे हेडफोन. तो कान पूर्ण झांकणारा आणि तारेचा असावा. मुलाजवळ बिनतारी ब्लूटूथचा हेडफोन आधींच असतो, व तोच चालेल असें घरांत सर्वांस वाटतें. पण तो चालत नाहीं. ब्लूटूथमधून आवाज पोंचण्यास बहुधा एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही अधिक उशीर होतो. मिनिटास १२० ठोक्यांच्या गाण्यांत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे ठोक्याचा पांचवा हिस्सा चुकला. कर्ण्यांतलें गाणें वेळेवर व कानांतलें मागाहून येऊं लागल्यावर लय जुळावी कशी? मुलगा बिचारा आपल्या कानास दोष देतो आणि दोष असतो हेडफोनचा. कित्येकांनीं ही विद्या सोडून दिली असेल ती एवढ्याच कारणानें.

हेडफोनबरोबर एक सावधगिरीही घरांत यावी. प्रौढ माणसानें आठवड्यास ८० डेसिबल आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आवाज ९० डेसिबलवर गेला कीं तीच मर्यादा आठवड्यास ४ तासांवर येते. ज्या कानावर सारी विद्या उभी, तो कान प्रथम जपावा.

सामान जमलें म्हणजे अभ्यास आला. आधुनिक सॉफ्टवेअरमध्यें ‘सिंक’ नांवाचें एक बटण असतें. तें दाबतांच दोन्ही गाण्यांची लय आपोआप जुळते. मग शिकावयाचें कशासाठीं, असा प्रश्न सहज येतो. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात, तसेंच हें बटण समजावें. उदाहरण सोडविल्यानंतर ताळा पाहण्यास तें उपयोगी. सोडविण्यापूर्वीं पाहिलें तर शिक्षण बुडालें. शिवाय छापलेलें उत्तरही पुष्कळदां चुकतें. यंत्रानें तालावर बांधलेल्या आधुनिक नृत्यगीतांत सॉफ्टवेअर क्वचित् चुकतें. परंतु जुनीं हिंदी वा मराठी चित्रपटगीतें जिवंत वादकांनीं वाजविलेलीं, त्यांची लय अंतऱ्यांत किंचित् चढते, मुखड्यावर उतरते. तेथें सॉफ्टवेअरनें आंखलेल्या रेषा ठोक्यांवर बसत नाहींत. सहा मात्रांचा दादरा किंवा सात मात्रांचा रूपक आला तर चार-चारांच्या हिशेबानें चालणारें सॉफ्टवेअर समेची जागाच हरवून बसतें. घरच्या लग्नांत आजीच्या आवडीचें जुनें गाणें आजच्या गाण्यास जोडण्याचा प्रसंग येतो, तेव्हां उपयोगी पडतो तो तयार केलेला कान.

हा कान तयार करण्याचा मार्ग सोपा आहे. प्रथम एकच गाणें दोन्ही बाजूंस लावावें, एकाची गति थोडी बिघडवावी आणि पडद्यावरील आंकडे कागदानें झांकून, नुसतें ऐकून ती पुनः जुळवावी. मग एकाच जातीचीं, जवळच्या लयीचीं दहा गाणीं घ्यावीं. दररोज अर्धा तास बसावें व आठवड्यास एकदां आपलें काम ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशीं शांतपणें ऐकावें. आदल्या रात्रीं उत्तम वाटलेला सांधा दुसऱ्या दिवशीं डळमळीत ऐकूं येतो. तेथेंच प्रगतीस आरंभ होतो.

तेव्हां वडिलांनीं नकारही देऊं नये आणि हप्तेही बांधूं नयेत. पहिले दोन महिने लॅपटॉप, विनामूल्य सॉफ्टवेअर, छोटें साउंड कार्ड आणि तारेचा हेडफोन एवढ्यावर काम चालवावें. मुलगा दररोज बसतो असें दिसलें तर साउंड कार्ड असलेला लहान कंट्रोलर आनंदानें घेऊन द्यावा. नाहींच बसला, तर हेडफोन घरांत सर्वांच्या उपयोगी पडेल. तक्रारीस जागा राहणार नाहीं.

आणि एखाद्या रात्रीं, शेजारीपाजारी झोंपले असतां, वडिलांनीं मुलाजवळ बसून तो हेडफोन क्षणभर आपल्या कानाला लावून पाहावा. घरांत टांचणी पडली तरी ऐकूं येईल इतकी शांतता असेल. कानांत मात्र दोन गाणीं एकमेकांस अडखळत चालतांना ऐकूं येतील, मुलाचें बोट चकतीवर हलकेंच फिरेल, आणि पाहतां पाहतां तीं दोन्ही एकाच पावलानें चालूं लागतील. मिरवणुकींतील ती भिंत आणि ही विद्या यांत किती अंतर आहे, हें मग त्यांना कोणी निराळें समजावून सांगण्याची गरज उरणार नाहीं.