खोडदच्या तबकड्या आणि आपला पाऊस
(भीमाशंकर परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नारायणगावाकडे जाताना खोडदच्या प्रचंड तबकड्या आपणांपैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. त्यांविषयी दोन समज कानी येतात : त्या पावसाचे ढग पांगवितात, आणि त्यांतून निघणारे किरण पिकांस व माणसांस बाधतात. पाऊस लांबला की पहिला समज बळावतो. मुले तो घरून शाळेत आणतात आणि गुरुजींच्या तोंडाकडे पाहतात. त्या वेळी आपण गप्प राहिलो, तर मूल त्यास होकारच समजते.

ही रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या आहेत. पैकी १४ खोडदजवळ एकत्र, बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. तबकडीचा पृष्ठभाग बारीक पोलादी तारांच्या जाळीचा असल्याने वारा तिच्यातून सहज आरपार जातो. आणि मुख्य गोष्ट अशी की, ती आकाशात काहीही सोडीत नाही. ती केवळ ऐकते. दूरच्या ताऱ्यांकडून व दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपणे एवढेच तिचे काम. कानाने जसे कोणी भाजत नाही, तसेच हे.

उपद्रव होतो तो वस्तुतः उलट्या दिशेने! आपले मोबाईल, विजेच्या तारांवरील ठिणग्या यांचाच गोंगाट तिच्या कामात अडथळा आणतो. एखादा साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला, तर या दुर्बिणीस तो आकाशातील अतितेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल; इतके तिचे नेहमीचे ऐकणे नाजूक. डोंगरांचा आडोसा असलेली शांत जागा म्हणूनच खोडदची निवड झाली.

मग पावसाचे काय? त्याचे उत्तर आपल्या पायांखालीच आहे. नैर्ऋत्येचे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंडावतात, आणि आपले बहुतेक पाणी भीमाशंकरच्या माथ्यावर रिते करतात. पूर्वेस उतरताना तेच वारे कोरडे होत जातात. घोड नदीच्या काठाने पूर्वेकडे जावे, तसतसा पाऊस घटत जातो; हा पर्जन्यछायेचा प्रदेश तबकड्यांच्या कितीतरी आधीपासूनचा. महाराष्ट्राने १९७२ चा भीषण दुष्काळ सोसला, तेव्हा खोडदला एकही तबकडी नव्हती. घरातील आजी-आजोबांस हे वर्ष विचारावयास मुलांना अवश्य सांगावे. पुस्तकापेक्षा त्यांची साक्ष गावात अधिक मानली जाते.

तथापि लोकांचा समज अगदीच निराधार निरीक्षणातून आला, असे मी म्हणणार नाही. वारा जोराचा सुटला की सुरक्षिततेसाठी तबकड्यांची तोंडे सरळ आकाशाकडे करून त्या स्थिर ठेवतात. ढग आले, तबकड्या वर वळल्या, वाऱ्याने ढग निघून गेले; पाहणाऱ्यास कार्यकारणाचा क्रम उलटा वाटणे स्वाभाविक आहे. शेतकऱ्याची चेष्टा न करता हा क्रम तेवढा सुलटा करून दाखवावा.

तिसरा समज शहाण्यासुरत्यांचाही असतो : संगणक आपण होऊन ताऱ्यांची चित्रे काढतो. वस्तुतः कोणतीही तबकडी छायाचित्र घेत नाही. प्रत्येक दोन तबकड्यांची जोडी धरून त्यांच्या लहरींची तुलना करावयाची, आणि अशा असंख्य गुणाकार-बेरजांतून चित्र बांधावयाचे. संगणक हे अतिवेगाने करतो. परंतु तारा कोणता आणि मोबाईलचा गोंगाट कोणता, हे त्यास उपजत कळत नाही. ते ओळखण्याची रीत माणसानेच घालून द्यावी लागते. रीत चुकली, तर चुकीचे उत्तरही तो तितक्याच वेगाने देईल.

हा जोड्यांचा हिशेब वर्गात सहज करून घेता येतो. दहा मुलांनी प्रत्येकाशी एकदाच हस्तांदोलन केले, तर ४५ हस्तांदोलने होतात. एकशिक्षकी शाळेतही एवढी मुले जमतील. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात. एक तबकडी दुरुस्तीसाठी बंद ठेवली, तर किती जोड्या उरतील, हे वरच्या वर्गास घालावे. घाईची मुले ४३४ म्हणतील. त्यांना पुन्हा हात मिळवावयास लावावे, म्हणजे ४०६ सापडेल.