सावलीतला सोनटक्का



ठाकुर्लीत आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला सहा फूट रुंदीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या सोसायटीचं कुंपण आणि मध्ये उघडी जमीन. ऊन तिथं सकाळी आठ ते दहा एवढंच येतं, तेही तिरपं. वरच्या मजल्यांवरच्या एसींचं पाणी तिथंच ठिबकतं आणि गच्चीचं पावसाचं पाणीही पाइपातून तिथंच उतरतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या जागेत फुटक्या लाद्या आणि रंगाचे रिकामे डबे पडलेले होते. ते उचलून मी हौसेनं मोगरा लावला. दोन वर्षांत त्याला धड पाच फुलं आली नाहीत. गुलाबाच्या पानांवर तर पहिल्याच पावसाळ्यात काळे डाग पडले आणि तो गेला. तिसऱ्या वर्षी सासूबाई गावाहून आल्या त्या पिशवीच्या तळाशी, ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन गड्डे घेऊनच. मागे जाऊन त्यांनी ती जागा पाहिली, मातीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, इथं मोगरा कसा येईल? ही सोनटक्क्याची जागा आहे."

त्याला बारा वर्षं झाली. आता त्या पट्टीत माझ्या डोक्याच्याही वर जाणारं सोनटक्क्याचं बेट आहे. श्रावण लागला की संध्याकाळी त्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो.

कोकणातल्या घरी सोनटक्का मुद्दाम निवडलेल्या जागी कुणी लावत नसे. विहिरीच्या कडेला, न्हाणीचं पाणी जिथून वाहत जातं तिथं, माडापोफळींच्या गार सावलीत तो आपसूक वाढायचा. घरातलं सांडपाणी त्याला मिळे, आणि संध्याकाळी घरातल्या बायकामुलींच्या केसांत त्याचं फूल असे. आपल्या कल्याण-डोंबिवलीकडे परसदार राहिलं नाही. पण दोन इमारतींच्या मधली ओल आहे, सावली आहे, टपकणारं पाणी आहे. म्हणजे सोनटक्क्याला हवं ते सगळं आहे. बाग करायची म्हटलं की आपण ऊन शोधत बसतो आणि ऊन नाही म्हणून जागा सोडून देतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे झाड मूळचं पूर्व हिमालय आणि त्याच्या आसपासच्या दमट प्रदेशातलं. कुळ आल्याचं, म्हणजे हळद, वेलदोडा यांचं हे भावंड. त्याचं शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम. ते १७८३ साली योहान कोनिग यांच्या नावावर नोंदलं गेलं. कोनिग हे लिनियसचे शिष्य. दक्षिणेत तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत ते डॉक्टर म्हणून आले आणि आपल्याकडच्या वनस्पतींचा अभ्यास करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. हेडिकियम म्हणजे गोड वासाचं बर्फ आणि कोरोनेरियम म्हणजे हारात, माळेत गुंफण्याजोगं. फूल माळण्यासाठी आहे, हे त्या नावातच नोंदलेलं आहे. अमरकंटकला, नर्मदेच्या उगमापाशी, याच फुलाला गुलबकावली म्हणतात. आणि पार तिकडे क्यूबाचं हे राष्ट्रीय फूल आहे. तिथं त्याला मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू, म्हणतात. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तिथल्या स्त्रिया केसांतल्या या फुलांमधून गुप्त चिठ्ठ्या नेत असत, असं सांगतात.

एक फूल हातात घेऊन नीट बघा. ज्या रुंद, पांढऱ्याशुभ्र, मध्ये चिरलेल्या भागाला आपण पाकळी समजतो ती पाकळी नव्हे. ते पुंकेसर आहेत, परागकण सोडून देऊन पाकळीसारखे पसरलेले. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, फितीसारख्या, मागे वळलेल्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. घशापाशी किंचित पिवळसर झाक असते. परागकण धरणारा पुंकेसर एकच, आणि स्त्रीकेसराचा बारीक दोरा त्याच्या मधल्या खाचेतून वर आलेला असतो. खाली बोटभर लांबीची नळी. मध त्या नळीच्या तळाशी असतो, म्हणून लांब सोंडेचे निशाचर पतंगच तिथवर पोहोचतात. फूल संध्याकाळी का उमलतं आणि वास रात्रीच का दाटतो, याचं कारण हेच.

आता लावणीचं. मे महिन्याची अखेर ते पहिला पाऊस, ही वेळ उत्तम. दोन किंवा तीन डोळे असलेला गड्डा घ्या. आपल्याकडच्या इमारतींभोवती वरची माती नावालाच असते, खाली सगळी भरणी. म्हणून दीड फूट खणा आणि विटांचे, सिमेंटचे तुकडे काढून टाका. निघालेल्या मातीत निम्मं जुनं, कुजलेलं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट मिसळा. गड्डा आडवा ठेवायचा, वर दोन बोटं माती, बस्स. खोल पुरला तर कोंब वर यायला वेळ लागतो. दोन गड्ड्यांत दोन फूट अंतर ठेवा. आज ते जास्त वाटेल, तिसऱ्या वर्षी कमी पडेल.

सावली म्हणजे अंधार मात्र नव्हे. सकाळचं दोन तासांचं ऊन, किंवा दिवसभर आभाळाचा मोकळा उजेड, एवढं लागतंच. तेही नसेल तर पानं हिरवीगार राहतात आणि फूल येत नाही. उलट दुपारचं ऊन थेट पडलं तर पानांची टोकं करपतात. मे महिन्यातल्या ठाकुर्लीच्या उन्हात ती चार दिवसांत तपकिरी होतात.

कुंडीतही येतो. कुंडी खोल नको, रुंद हवी, सोळा इंचांची तरी. तळाला भोकं पाहिजेतच. हे मी इतक्या आवर्जून सांगते, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. एका वर्षी गॅलरीतल्या टबाला भोकं न पाडताच मी दोन गड्डे लावले. पावसाळ्यात ते छान वाढले. जानेवारीत पानं पिवळी पडू लागली, तेव्हा पाणी कमी पडलं असं समजून मी जास्त घातलं. फेब्रुवारीत माती उकरली तर गड्डे बोटानं दाबले जात होते, आणि वास येत होता. थंडीत हे झाड निम्मं झोपेत असतं, त्याला तेव्हा फक्त ओल पुरते. भर पाणी प्यायचे त्याचे दिवस होळीनंतर सुरू होतात. मग कुंडीला रोज आणि जमिनीत एक दिवसाआड पाणी द्यायचं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला.

सोनटक्क्याचा दांडा केळीच्या खुंटासारखा, पानांचे तळाचे भाग एकावर एक गुंडाळून झालेला. त्याचं वागणंही केळीसारखंच. एक दांडा एकदाच फुलतो. शेंड्याला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं, एकेका खवल्यातून दोन-तीन कळ्या पाळीपाळीनं निघतात, तीन-चार आठवडे हे चालतं आणि मग तो दांडा संपतो. त्याला जमिनीलगत कापायचं. हे जिवावर येतं, कारण पानं अजून हिरवी असतात. पण जुने दांडे राहिले तर नव्या फुटव्यांना वारा आणि उजेड मिळत नाही. कापलेले दांडे तुकडे करून तिथंच बुंध्याशी टाकावेत, खत होतं. श्रावणातल्या वाऱ्यापावसात उंच दांडे आडवे होतात, म्हणून सगळ्या बेटाला कमरेच्या उंचीवर सुतळीचा एक सैल वेढा द्या.

कधी पानाची कड दुमडून, रेशमानं शिवल्यासारखी चिकटलेली दिसेल. उलगडलीत तर आत हिरवट अळी सापडेल. औषध फवारू नका, एवढी माझी विनंती आहे. ती एका फुलपाखराची अळी आहे. तपकिरी पंखांवर पांढरा ठिपका असलेलं हे छोटं फुलपाखरू हळदीच्या आणि सोनटक्क्याच्या पानांवर अंडी घालतं. दहा-बारा पानं तिच्या वाट्याला गेली तरी झाडाला काही होत नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या बैठकीत त्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. झाडांमुळे डास होतात, असं कारण दिलं गेलं. मला तेव्हा रडू आलं. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणजे कुंडीखालच्या थाळीत, टायरमध्ये, उघड्या पिंपात; जिरणाऱ्या मातीत नव्हे. हे मी परोपरीनं सांगितलं. शेवटी अर्ध्या पट्टीवर ब्लॉक आले, अर्धी मातीच राहिली. ब्लॉकच्या भागात पहिल्याच मोठ्या पावसात घोटाभर पाणी साचलं. सोनटक्क्याच्या बाजूचं तासाभरात जिरलं. पुढच्या वर्षी ब्लॉकची एक रांग सोसायटीनंच काढली.

सोनटक्क्याबरोबर सावलीत लावण्याजोगं आणखी एक उंच झाड म्हणजे पेव. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात गेलात तर वाटेच्या कडेला भेटेल. त्याची पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात आणि लाल खवल्यांतून चुरगळलेल्या तलम कागदासारखी पांढरी फुलं येतात. मात्र जंगलातून उपटून आणू नका, रोपवाटिकेत मिळतं.

एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्यावी. दर तीन-चार वर्षांनी सोनटक्क्याचं बेट दाटतं, मधून फुलं कमी होतात, तेव्हा ते खणून गड्डे वेगळे करावे लागतात. उरलेले गड्डे नाल्यात किंवा खाडीकडे फेकू नका. ब्राझीलमध्ये, हवाई बेटांवर हेच झाड ओढ्यांच्या काठानं इतकं माजलं आहे की तिथल्या स्थानिक झाडांना जागा उरलेली नाही. पाण्याबरोबर वाहून गेलेला छोटा तुकडाही रुजतो.

मी दर मे महिन्यात जादा गड्डे घमेल्यात घालून फाटकापाशी ठेवते. यंदा एकवीस निघाले, दोन दिवसांत संपले. त्यांतले तीन गड्डे बावन चाळ नावाच्या वस्तीतल्या एक आजी घेऊन गेल्या. रेल्वेच्या वीजघराच्या भोंग्यावर तिथं घड्याळं लावत असत, तेव्हापासूनच्या त्या तिथल्या. त्यांच्या खोलीमागे चिंचेची दाट सावली आहे. काही लागत नाही तिथं, म्हणाल्या. परवा त्यांचा फोन आला. "कणीस आलंय गं, पण नुसतं हिरवं. पंधरा दिवस झाले, फूल काही दिसत नाही."

मी विचारलं, "खवल्यांतून पांढरं टोक डोकावतंय का?"

त्या फोन तसाच धरून मागे गेल्या. पावलं ऐकू आली, दाराची कडी ऐकू आली.

"हो गं," म्हणाल्या, "एक दिसतंय."

"मग दुपारी चारला ती कळी तोडा, वाटीभर पाण्यात ठेवा, वर झाकण घाला आणि दिवेलागणीला ते काढा."