लाल रेघेची भीती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चुकले माकले पदरात घ्या.

पाच वर्षे तुम्ही मला 'चिटणीस हो' म्हणत होतात आणि मी घरकामाचे निमित्त सांगून टाळत होते. खरे कारण आज सांगते. मला शुद्धलेखनाची भीती वाटे. एकदा माझा अर्ज एका ठिकाणी चारचौघांत मोठ्याने वाचला गेला आणि लोक हसले. तेव्हापासून मी सही करी, पण लिहीत नसे.

ही भीती माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने घालवली. तिने मला घरच्या संगणकापुढे बसवले. आपल्या भागाला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांसाठी संगणकाची योजना निघाली होती. पण तो उसाच्या हिशेबाचा, पुरुषांच्या कामाचा, असे समजून मी लांबच राहिले.

लेकीने संगणकावर लिबरऑफिस घेतले. त्याला पैसे पडत नाहीत, आणि मराठी शब्दांचा कोशही त्याला फुकट जोडता येतो. आपण लिहीत गेलो की चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते. त्या शब्दावर माउसचे उजवे बटण दाबले की दुरुस्त शब्द पुढे येतात, त्यातला योग्य तो निवडायचा. हसायला तिथे कोणी नसते.

त्या रेघांनीच मला एक नियम शिकवला. मीठ दीर्घ, पण मिठाचे ऱ्हस्व. पीठ, पण पिठात. दूध, पण दुधाला. चूल, पण चुलीवर. रोज हाताळतो ते शब्द, पण हे मला ठाऊक नव्हते! मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले, १९७२ साली त्यांत ४ वाढवले. हे १८ नियम मला पाठ नाहीत, पण लिहिता लिहिता हात वळू लागला.

मात्र भगिनींनो, यंत्रावर सगळा भार टाकू नका. त्याच्याजवळ शब्दांची यादी आणि प्रत्यय लावण्याचे नियम असतात. अर्थ त्याला कळत नाही. गेल्या ८ मार्चच्या सूचनेत मी 'महिला दीन' असे लिहिले. लाल रेघ आली नाही, म्हणून निर्धास्त तसेच फळ्यावर उतरवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, दीन म्हणजे बापडी, गरीब. आपण का दीन आहोत? दिवस तो दिन, ऱ्हस्व!" दोन्ही शब्द यादीत असल्यामुळे यंत्र गप्प राहिले. 'मुलगी आला' लिहिले तरी ते गप्पच बसेल. रकमेचा आकडा चुकला तरी बोलणार नाही.

उलट, बरोबर शब्दाखालीही कधी रेघ येते. आपल्या माणसांची आडनावे, वाड्यावस्त्यांची नावे, आपले 'लई' आणि 'व्हय' त्याच्या यादीत नसतील. म्हणून ते शब्द चुकीचे ठरत नाहीत. नाव एकदा यादीत घालून ठेवले की पुन्हा रेघ येत नाही. अर्जात पुस्तकी भाषा लिहू, पण घरच्या चिठ्ठीत आईची भाषा कशाला पुसायची?

आणखी एक सांगते. हा कोश आपल्याच संगणकात तपासतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पण दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावर मजकूर टाकून तपासलात, तर तो परक्याच्या संगणकावर जातो. तिथे आधार क्रमांक, बँकेचे खाते असले काही टाकू नका.

माझी रीत अशी: आधी मनातले लिहावे, मग लाल रेघा पाहाव्यात, आणि शेवटी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे. कान पुष्कळ चुका पकडतो.

यंदा मी चिटणीस झाले. मंडळाचा वार्षिक अहवाल मीच लिहिला आहे. त्यात चूक सापडली तर जरूर सांगा, मी सुधारीन. पण भगिनींनो, चुकेल म्हणून लिहिणे सोडू नका. गल्लीतल्या दिव्याचा अर्ज आपण लिहिला नाही, तर अंधारातून आपल्यालाच जावे लागते.