पहिले वर्ष उमेदवारीचे



कॉलेजच्या पहिल्या वर्षावर बोलायला चालकांनी माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला बोलावले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी विद्यार्थी म्हणून कॉलेजात गेलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत. परंतु पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कामगारांची मुले दर पावसाळ्यात कॉलेजात नाव घालतात, आणि दिवाळी उलटली की त्यांतल्या काहींचे बाप माझ्याकडे येऊन विचारतात, "भाऊ, पोराला कुठे चिकटवता येईल का?" पावसाळ्यात इंजिनिअर व्हायला निघालेला मुलगा थंडीत कंत्राटी कामगार व्हायला का तयार होतो, एवढाच माझा आजचा विषय आहे.

कारखान्यात नव्या मुलाला आम्ही उमेदवार म्हणतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला शिकवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेथवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोराने चार नग बिघडवले, म्हणून "तुझ्या डोक्यात हे शिरायचे नाही, घरी जा" असे शहाणा वस्ताद म्हणत नाही. तो शेजारी उभा राहतो, हात धरून पुन्हा करून दाखवतो. पहिल्या वर्षी माल बिघडायचाच, हे धंद्याने गृहीत धरलेले असते.

कॉलेजात हा वस्ताद भेटेलच असे नाही. शाळेत गुरुजी नावाने हाक मारीत. येथे मोठ्या वर्गात हजेरी होते, पण समजले का हे विचारायला कोणाला सवड नसते. वेळापत्रकाची सवय होते न होते तोच सत्राची परीक्षा येऊन ठेपते, आणि मग एटीकेटी लागते. राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याची ही सवलत आहे. पण घरी तिचा अर्थ "पोरगा नापास" असा होतो. म्हणून मुलगा ती लपवतो. एकदा लपवाछपवी सुरू झाली की कॉलेज सुटायला वेळ लागत नाही.

पहिली अडचण भाषेची. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, तेव्हा महाराष्ट्रातून आपल्या निगडीचे पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय मराठीसाठी पुढे आले. ही आपल्या गावाला भूषणावह गोष्ट आहे. पण बहुतेक मुलांना इंग्रजीतूनच शिकावे लागते. त्यांना मी एवढेच सांगेन की टॉलरन्स, फीड, मायक्रोमीटर हे शब्द तुमच्या सातवी शिकलेल्या बापानेही पाठ केले नव्हते. वस्तू हातात होती, तिच्यामागून शब्द आला. तुम्हीही गोष्ट आधी मराठीत समजून घ्या. शब्द मागून येईल.

दुसरी गोष्ट घरची. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये पुष्कळ हुशार मुले अडतात. वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते कागदावर मांडायचे असते. त्याच घरात टूलरूममध्ये पंचवीस वर्षे काढलेला बाप बसलेला असतो. ड्रॉइंग पाहताच त्याच्या डोळ्यांपुढे नग उभा राहतो. मुलगा त्याला वही दाखवीत नाही, कारण बापाला इंग्रजी येत नाही. बाप मागत नाही, कारण ते कॉलेजचे! साबणाची एक वडी कापून बापाने तीन बाजू दाखवल्या, तर पुस्तकाच्या दहा पानांचे काम होईल. आपल्या घरात विद्या नाही, ही समजूत आपणच आपल्या मुलांना दिली आहे.

तिसरी गोष्ट सोबतीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांचेही बस्तान पहिल्या खोलीत बसले नाही. वसतिगृहातले जेवण मानवेना म्हणून त्यांनी जागा बदलली, नंतर पुन्हा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. लंडनचे शिक्षण पुरे करताना याच मित्राचे उसने पैसे उपयोगी पडले. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही सोबती लागला, तर आपल्या मुलाने एकट्याने का झुंजावे?

आता चाकणच्या मोहाविषयी. ठेकेदाराकडे नाव दिले की महिनाअखेर पैसे हातात येतात. घरभाडे थकलेले असेल तर त्या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळालेली पोरे माझ्याकडेच येतात. तेव्हा कॉलेजची वाट मागे राहिलेली असते आणि कारखान्याचे फाटक पुढे बंद झालेले असते.

युनियनचा माणूस मागण्या केल्याशिवाय बसत नाही. माझ्या तीनच आहेत. बापांनी निकालाच्या दिवशी "किती पडले?" याआधी "कुठे अडले?" हे विचारावे. कॉलेजांनी पहिल्या सत्रात प्रत्येक नव्या मुलामागे वरच्या वर्गातला एक विद्यार्थी द्यावा. आणि ज्या वस्त्यांत एका खोलीत पाच माणसे झोपतात, तेथे नगरपालिकेने रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका चालवावी.

कारखाना उमेदवाराला वर्ष देतो. आपल्या मुलांना आपण तेवढे तरी द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.