नमुन्याच्या खोलीचे सामान : भाड्याचे की विकतचे?



काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले. ज्यांनी तेथून बिऱ्हाड उचलून नवे घर मांडले, त्यांना घरच्या सामानाचे मोल आम्ही काय सांगावे!

आज आपल्या जोयडा तालुक्यात रान व नदी पाहावयास पाहुणे येतात आणि काही कुटुंबे राहत्या घरातच त्यांची सोय करितात. अशा कुटुंबांना दाखविण्यासाठी आपण नमुन्याच्या 2 खोल्या मांडणार आहोत. सामान भाड्याने आणावे की विकत घ्यावे, एवढाच प्रश्न आहे.

समजा, खाटेची किंमत 12,000 रुपये व भाडे महिना 600 रुपये. 20 महिन्यांत भाडे किमतीएवढे होते. पुढे खाट 4,000 रुपयांस विकली गेली, तर 14 व्या महिन्यातच विकतची स्वस्त ठरते. भाड्याच्या सामानास जाण्यायेण्याचे गाडीभाडे निराळे. पावसाळ्याच्या ओलीने फळी फुगली, तर भरपाईचा वादही आलाच.

पण मुख्य गोष्ट हिशेबापलीकडची आहे. नमुना पाहून लोक तसेच करू जातात. भाड्याचा झगमगाट पाहून एखाद्या घराने कर्ज काढले, तर त्याचा दोष आपल्याकडे येईल.

म्हणून खाटा, मेज व कपाट गावच्या सुताराकडून, परवान्याच्या लाकडाचे करून घ्यावे आणि प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावावी. उद्घाटनाचा मंडप व खुर्च्या मात्र खुशाल भाड्याने आणाव्यात. त्यांचे काम एका दिवसाचे.

सभासदांनी, विशेषतः घर चालविणाऱ्या भगिनींनी, यावर आपले मत द्यावे, ही विनंती.