मोटर थरथरते, पण फिरत नाही
घरी बांधलेल्या सीएनसी यंत्राची स्टेपर मोटर नुसतीच थरथरत असेल, तर आधी वायरिंग तपासा. चार वायरी म्हणजे दोन कॉइल, आणि बहुतेकदा या जोड्यांचीच सरमिसळ झालेली असते. रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. वीज बंद करूनच मोटर सोडवा; ड्रायव्हर चालू असताना वायर काढली तर तो जळू शकतो, हे कळकळीनं सांगतो. आता दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा. जड लागला, की जोडी सापडली. मोटर उलटी फिरते? एकाच जोडीतल्या वायरी आपसांत बदला. अधूनमधून अडखळते? मल्टिमीटर लावून वायर हळूहळू वाकवत जा. जिथं आकडा उडतो, तिथंच आतली तार तुटलेली असते.